कालखंडाची अकरा पानं

दिलीप मोहोडने वर्गाचं दार आतून लावून घेतलं तेव्हा मी चौथ्या पानावर होतो. पानाच्या मध्यावर वाक्य होतं, 'या काळातील कवींनी निसर्गाला सखा मानले.' 'निसर्गाला'पर्यंत आलो आणि थांबलो. दिलीपच्या मागे जिमखान्यातली दोन पोरं उभी होती. दोघांच्या हातात हॉकी स्टिक होत्या.

वर्गात आम्ही सोळाजण. कुणी उठलं नाही.

ओंकार सरोदे फळ्यापाशी उभा होता. माझं वाचून झालं की त्याची पाळी होती, म्हणून त्याने आधीच फळ्यावर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्याचं अक्षर मोठं आणि सुटं होतं, शेवटच्या बाकावरूनही वाचता यायचं.

'मृत्यू : १२ मार्च १९४६, दुपारी दोन.'

'आग : १२ मार्च १९४६, दुपारी तीन.'

दिलीपने फळ्याकडे पाहिलं. मग डस्टर उचललं आणि दोन्ही ओळी सावकाश पुसल्या.

हे त्र्याऐंशी सालचं आहे. वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कापसाची सरकी काढायची एक जुनी जिन होती आणि एक कॉलेज होतं, आणि दोन्ही मोहोडांची होती. मी, विश्वंभर खोडके, त्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझे बाबा तिथेच हेडक्लार्क. आम्ही राहायचो ती दोन खोल्यांची जागासुद्धा कॉलेजच्या आवारातली.

मराठीच्या धामोरीकर सरांनी त्या वर्षी नवी पद्धत काढली होती. दोघादोघांनी मिळून एक कवी घ्यायचा. त्याचं जीवन, त्याचं काव्य आणि त्याचा कालखंड वर्गापुढे मांडायचा. पंचवीस गुण. मोठमोठे कवी हुशार पोरांनी आधीच पळवले. मी आणि ओंकार उशिरा पोचलो.

"तृणांकुर घ्या की," सर म्हणाले. "आपल्या गावचा कवी. सभागृहात रोज तसबीर बघता."

बघायचो. सभागृहालाच त्याचं नाव होतं. खरं नाव मनोहर आसोले, मोहोडांच्या जिनमध्ये काट्यावर कापूस तोलायला होता, आणि तृणांकुर नावाने कविता लिहायचा. तैलचित्रात डोक्यावर काळी टोपी, गळ्याशी बंद कोट, नजर कुठेतरी लांब. खाली पितळी पट्टी होती : 'जिनच्या आगीतून कापसाच्या गाठी वाचवताना देह ठेवणारा कवी.' दर बारा मार्चला मोहोडांच्या घरचं कुणीतरी येऊन हार घालायचं आणि आम्हाला पेढा मिळायचा.

आम्ही काम वाटून घेतलं. काव्य दोघांनी मिळून. कालखंड माझ्याकडे, कारण तो लायब्ररीत बसून लिहिता येतो आणि मला उन्हात फिरायचा कंटाळा. जीवन ओंकारकडे. ओंकार खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहायचा. अंगाने आडवा, बोलायला सावकाश. एखादी गोष्ट करायची म्हटली की पुरी करायची, एवढंच त्याला ठाऊक.

"त्याची बहीण जिवंत आहे म्हणते," चौथ्या दिवशी तो मला म्हणाला. "नगरपालिकेच्या दवाखान्यात आया आहे. येतो काय?"

मी गेलो. सायकलवर डबलसीट गेलो.

गयाबाई आसोले तेव्हा पन्नाशीच्या होत्या. दवाखान्यामागच्या चाळीत खोली. त्यांनी आम्हाला चटईवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "फोटो काढाले आले का? लुगडं कुठं हाय?"

"नाही मावशी. कॉलेजातून आलो. तुमच्या भावाबद्दल लिहायचं आहे."

"काय लिवता?"

"जे असेल ते," ओंकार म्हणाला.

मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

त्यांचा भाऊ आधी चांदण्याच्या, पाखरांच्या कविता लिहायचा. मग जिनमध्ये चंद्रभागा नावाच्या बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात सापडला. मानेपर्यंत ओढली गेली. मशीन थांबवलं असतं तर वाचली असती, पण त्या दिवशी गाठी रेल्वेवर जायच्या होत्या. तिला पोत्यात गुंडाळून मागच्या दाराने नेली. त्यानंतर तृणांकुराने चांदण्यावर एक ओळ लिहिली नाही. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाशी उभा राहून बायांना कविता म्हणून दाखवू लागला. गयाबाईंना ती पाठ होती. खालच्या आवाजात त्यांनी म्हटली.

'आमच्या श्वासात रुई, आमच्या खोकल्यात रुई,
मेल्यावर नाकात घालाया नका आणू नवी रुई.'

"चौथ्या दिवशी बाया कामावर बसल्या नाईत," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी मी डबा घिऊन गेली. चौदा वर्साची होती मी. भाऊ काट्यावर नव्हता. गोदामाच्या मांगं आवाज आला म्हणून पत्र्याच्या फटीतून पाह्यलं. मुकादम होता अन् दोघंजण. गाठी बांधाच्या लोखंडी पट्ट्या असतेत ना, त्यानं मारत होते. भाऊ सुरुवातीले हात आडवा धरत होता. मंग हात खाली पडला. तो वर आलाच नाई."

ओंकार लिहीत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "ओरडले नाहीत?"

"ओरडला ना. पण रेचे चालू होते. सरकी काढाची मशीन, तिच्या आवाजात कोणाले ऐकू येते? मालक उभे होते तिथंच. एकानं इचारलं, मशीन बंद करू का. त्याईनं हातानंच सांगतलं, चालू द्या."

मला पाणी हवं होतं. मागायचं धाडस झालं नाही.

"आग तीन वाजता लागली," गयाबाई म्हणाल्या. "माहा भाऊ दोनलेच मेला होता. पुढं तीस वर्सं म्या या दवाखान्यात मढी उचलली. जळून मेलेला कसा असते अन् मेल्यावर जाळलेला कसा असते, ते आता मले कोणी शिकवाव नाई."

"कुणाला सांगितलं नाही तुम्ही?" मी विचारलं.

"इचारलं कोणी? दरसाली बारा मार्चले मोहोडाईचा माणूस येते, लुगडं देते, फोटो काढते. घेते मी. थंडीत लागते अंगावर." मग त्या ओंकारला म्हणाल्या, "तू लिवलं ते वाचून दाखव मले."

ओंकारने वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मुकादमाचं नाव आणि पट्ट्यांची रुंदी.

परत येताना ओंकार पॅडल मारत होता आणि मी मागे बसलो होतो. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर मी म्हणालो, "हे वर्गात वाचायचं नाही."

"काहून?"

"दिलीप आपल्याच वर्गात आहे ओंकार. मालक म्हणजे त्याचे आजोबा. हे कॉलेज त्यांनीच काढलं."

"दिलीप कुठं वर्गात येते?"

"येईल त्या दिवशी. जन्म लिही, शिक्षण लिही, आगीचं दोन ओळींत लिही. पंचवीस गुण मिळतील."

त्याने सायकल स्टँडला लावली. "जीवन माह्याकडं आहे ना? मंग कोणाचं वाचू? फोटोचं?"

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ओंकारचा घात करायचा म्हणून नाही. भीती वाटत होती आणि वाटलं बाबा काहीतरी मार्ग काढतील, सरांना सांगून विषयच बदलून टाकतील. बाबा जेवत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात ताटातच राहिला.

"लेखी आहे?"

"हो. सात पानं झालीत."

"तुझ्या भागात काय आहे?"

"कालखंड."

"त्यात मोहोडांचं नाव?"

"नाही. निसर्गप्रेम, सौंदर्यदृष्टी, टोपणनावं घ्यायची पद्धत, असं."

"मग तू तेवढंच वाच," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. आईने भात तसाच परत नेला.

सेमिनारच्या आदल्या दिवशी ते स्वतःच माझ्यापाशी आले. शर्टाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद काढून घेतील. बाकी काही व्हायचं नाही. मी तसं बोलून घेतलंय."

मी ओंकारला हे सांगितलं नाही. कागद गेले तर जाऊ देत, असंच मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

अकराची तासिका होती. धामोरीकर सरांनी आमची ओळख करून दिली, मी उभा राहिलो आणि कालखंड सुरू केला. तिसरं पान संपत आलं तेव्हा दारात बाबा आले.

"सर, प्राचार्यांनी बोलावलंय. लगेच."

"तास चालू आहे खोडके."

"लगेच म्हणालेत."

सर मला म्हणाले, "तू चालू ठेव," आणि गेले. बाबा त्यांच्या मागे गेले. वर्गात त्यांचा मुलगा उभा होता, पण त्यांनी मान वळवली नाही. त्यानंतर मिनिटभराने दिलीप आला.

फळा पुसून झाल्यावर तो ओंकारला म्हणाला, "कागद दे."

"माही पाळी आली का वाचीन. बसून ऐक."

"दे म्हटलं."

"नाई देत."

ओंकारने कागद छातीशी धरले होते, दोन्ही हातांनी. जिमखान्यातल्या एकाने स्टिक उचलली आणि त्या हातांवर मारली. उजव्या मनगटावर बसली. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि मला वाटलं स्टिकच मोडली. कागद वर उडाले. ओंकार ओरडला.

त्याच क्षणी दिलीप माझ्याजवळ आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मित्र ठेवतो तसा, आणि कानाशी येऊन म्हणाला, "वाच, खोडके. थांबू नको."

मी कागदाकडे पाहिलं. 'निसर्गाला' हा शब्द तिथेच होता.

"निसर्गाला सखा मानले," मी वाचलं. "झाडे, वेली, नदी यांच्याशी कवी संवाद साधू लागला."

दुसऱ्याने ओंकारच्या पोटात लाथ मारली. तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली बसला. उठायला लागला तर पाठीवर स्टिक बसली. पुन्हा उठायला लागला. पुन्हा बसली. त्याने डावा हात डोक्यावर आडवा धरला होता. उजवा नुसता लोंबत होता, मनगटाखाली भलत्याच दिशेला वळलेला.

"या काळात टोपणनाव घेण्याची प्रथा रूढ झाली. व्यवहारातील माणूस आणि कवी हे दोघे भिन्न असतात, अशी धारणा त्यामागे होती."

मी पान उलटलं. ते नीट उलटलं गेलं. वर्गात बाकं सरकली. पोरं भिंतीकडे दबली होती. एक मुलगी तोंडात पदर कोंबून रडत होती. दिलीपचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता, जडही नव्हता.

"मुकादमाचं नाव घ्यायचं होतं ना?" तो ओंकारला म्हणाला. "घे की आता."

ओंकारने नाव घेतलं. तोंडात रक्त होतं, तरी स्पष्ट घेतलं. तेव्हा स्टिक त्याच्या डाव्या कानावर बसली.

त्यानंतर तो जसा ओरडला तसं माणूस ओरडताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मी वाचत होतो. सहावं पान, सातवं पान. सौंदर्यवाद. प्रेमकवितेतील हळुवारपणा. भावगीताचा उदय. माझा आवाज वर्गाच्या छताला लागत होता. मला माहीत नव्हतं माझा आवाज एवढा मोठा आहे.

पहिल्या बाकावर प्रमिला तायडे बसायची. दवाखान्याजवळच्याच वस्तीतली, तीन वर्षांत वर्गात कधी तोंड न उघडलेली. ती उठली. पळते आहे असं मला वाटलं. ती खाली बसली आणि जमिनीवर पसरलेली ओंकारची पानं गोळा करू लागली. एक पान एका पोराच्या बुटाखाली होतं. तिने ते ओढलं. त्याने बूट उचलून तिच्या कपाळावर मारला. ती मागे पडली, तिने हाताने रक्त पुसलं आणि पुन्हा त्याच पानाकडे गेली. सातही पानं घेऊन ती बाकाशी परत आली, पानं बाकावर ठेवली आणि त्यांच्यावर बसली. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून.

"उठ," दिलीप म्हणाला.

ती उठली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी नववं पान वाचत होतो.

दार वाजायला लागलं. शिपायाचा आवाज, मग सरांचा. दिलीपने माझ्या खांद्यावरचा हात काढला, केस मागे सारले आणि स्वतः जाऊन कडी काढली.

"सर, सरोदे बाकावरून पडला," तो म्हणाला. "लागलंय बरंच."

धामोरीकर सर आत आले. जमिनीवर ओंकार कुशीवर पडला होता. कानातून रक्त येऊन फरशीवर साचलं होतं. सर गुडघ्यावर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"खोडके," ते म्हणाले. "पुरे आता."

मी अजून वाचतच होतो. अकरावं पान, शेवटचा परिच्छेद.

ओंकारचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तीन बरगड्या. डाव्या कानाचा पडदा गेला. पोलीस आले, वर्गातल्या प्रत्येकाला एकेक करून बसवलं. माझा जबाब सगळ्यात लहान होता. 'मी वाचत होतो. माझं लक्ष कागदात होतं. मी काही पाहिलं नाही.' बाकीच्यांनीही जवळजवळ तसंच सांगितलं. प्रमिलाने एकटीने सगळं सांगितलं, नावांसकट. एका जबाबाने काय होणार होतं? जिमखान्यातल्या पोरांना दंड झाला. दिलीपचं नाव प्रकरणातून वगळलं गेलं, आणि पुढे तो संस्थेचा अध्यक्ष झाला.

पानं मात्र प्रमिलाने जपली. पुढच्या वर्षी अमरावतीच्या एका छोट्या मासिकात ती छापून आली, 'लेखक : ओंकार सरोदे' अशी. वरून चौकशा झाल्या, पत्रं आली. काही महिन्यांनी सभागृहातली पितळी पट्टी कुणी न बोलता काढून टाकली. तसबिरीखाली चार भोकं राहिली. त्यानंतरच्या बारा मार्चला गयाबाईंनी लुगडं घेतलं नाही, असं ऐकलं.

मी ओंकारला भेटायला एकदा दवाखान्यात गेलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. त्याची आई त्याला चमच्याने काहीतरी भरवत होती. तिथूनच परतलो. तो बरा झाल्यावर गाव सोडून गेला, बाहेरून परीक्षा देऊन मास्तर झाला. मला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. त्याच आवारात पुढची तीस-बत्तीस वर्षं काढली. बाबा गेले, तेव्हाही आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

दोन हजार एकोणीसमध्ये फोन आला. "विश्वा, ओंकार बोलतो. निवृत्त होतोय या महिन्यात. शाळेत कार्यक्रम आहे. तू ये."

छत्तीस वर्षांनी तो आवाज ऐकत होतो. नाही कसं म्हणणार?

मेळघाटच्या पायथ्याशी गाव. शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंजीवर दोनेकशे पोरं, आया, बाप. ओंकारचे केस पांढरे झाले होते. उजवं मनगट वाकडंच राहिलं होतं. पोरांनी सांगितलं, सर डाव्या हाताने फळ्यावर लिहितात. त्याने मला खुर्चीवर स्वतःशेजारी, उजव्या बाजूला बसवलं.

सत्काराला उत्तर देताना तो सावकाश बोलला, पूर्वीसारखाच. कॉलेजातली गोष्ट सांगितली. कवी कोण होता, कसा मेला, आम्ही वर्गापुढे काय मांडायला निघालो होतो. मग म्हणाला, "मले मारत होते तेव्हा एक आवाज सारखा येत होता. हा माहा मित्र वाचत होता. सारा वर्ग भेलेला, पण यानं वाचन थांबवलं नाई. एका शब्दावर अडकला नाई. मी खाली पडल्या पडल्या म्हणत होतो, विश्वा वाचून राह्यला म्हणजे आपला सेमिनार बंद पडला नाई. पोरं हो, मी मास्तर झालो ते त्या आवाजाच्या भरवशावर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मुख्याध्यापकांनी माईक माझ्या हातात दिला.

दोन गुळगुळीत वाक्यं बोलून बसता आलं असतं. घरून तशी लिहूनही आणली होती. मी म्हणालो, "सरोदे सर सांगतात तसं झालं नाही. सर काय वाचणार आहेत, ते माझ्याच घरातून बाहेर गेलं. मी सांगितलं होतं. आणि मी वाचत राहिलो, कारण मला वाचायला सांगितलं होतं. दिलीप मोहोड माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बाहेर तास चालू आहे असं वाटावं म्हणून तो मला वाचायला लावत होता, आणि मी वाचलं."

मी माईक टेबलावर ठेवला. ओंकार समोर बघत होता. मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार मानले आणि पोरांना बुंदीची पाकिटं वाटायला सुरुवात झाली.

मी जेवायला थांबणार नव्हतो. पिशवी उचलून रस्त्याला लागलो तर मागून स्कूटर आली.

"बस," ओंकार म्हणाला. "फाटा दोन किलोमीटर आहे."

मी मागे बसलो. फाट्यावर लिंबाखाली सिमेंटचा ओटा होता. एसटीला वेळ होता. तो ओट्यावर बसला, मी उभाच राहिलो.

"तुह्या बाबाचं मले माहीत होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात आले होते, तिसऱ्या दिवशी. पाय धरले माहे. म्हणे, फक्त कागद घेतील असं वाटलं होतं. मी आलो होतो ते पोराले सांगू नको म्हणे."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"माहीत होतं, तरी मला बोलावलंस?"

"भेव तर कोणालेही वाटते. तू घरी सांगतलं, बापाले सांगतलं. त्याचं मी कधी मनात धरलं नाई. पण दिलीप तुह्या कानाशी लागला, ते मले दिसलं नव्हतं. मी खाली होतो."

दूरवर एसटीचा आवाज यायला लागला. त्याने मान वळवून ऐकलं.

"त्यानं काय म्हटलं नेमकं?"

"वाच म्हणाला. थांबू नको म्हणाला."

"मोठ्यानं वाच म्हटलं?"

"नाही."

"मंग एवढ्या मोठ्यानं काहून वाचलं?"

एसटी वळणावर दिसली. धूळ उडत होती. खोटं बोलायला पुरेसा वेळ होता आणि दोन-तीन उत्तरं मला सुचलीही.

"तू ओरडत होतास," मी म्हणालो. "ते मला ऐकू येऊ नये म्हणून."

ओंकारने मान हलवली. एसटी येऊन उभी राहिली. त्याने माझी पिशवी डाव्या हाताने उचलली, दारातून आत ठेवली आणि बाजूला झाला. मी खिडकीशी जाऊन बसलो. कंडक्टरने घंटी मारेपर्यंत तो खाली तसाच उभा होता. त्याने हात केला नाही, आणि तो गेलाही नाही.